पायरीवरचा रुमाल

मधल्या पानावर रुमाल राहिलाय, हे कळवायला एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा फोन यावा लागला. बाई दर हंगामाला कंपनीची सहलींची पुस्तिका मागवून घ्यायच्या. कधी कुठं जायच्या नाहीत, पण भिंग घेऊन पान न पान बघायच्या आणि चुका हौसेनं कळवायच्या. "डोंगरउतारावरच्या त्या जुन्या उघड्या नाट्यगृहाचा फोटो आहे ना, त्यात वरच्या पायऱ्यांवर रुमाल आहे," त्या म्हणाल्या. "पडलेला नाही हो, चांगला झटकून पसरलाय. अख्ख्या नाट्यगृहात चिटपाखरू नाही आणि रुमाल तेवढा आहे. कुणाचा तो?" धाकट्या मालकांनी 'बघतो, बघतो' करत फोन ठेवला आणि काचेच्या खोलीतूनच हाक मारली, "ओ खोडरबर, जरा इकडं या!"

खोडरबर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण कचेरीत आता तेच चालायचं आणि त्याचं त्याला काही वाटेनासं झालं होतं. काम तसंच होतं, नाव तरी वेगळं कशाला. कंपनी माणसांना जगभर हिंडवायची. जंगलानं गिळलेली देवळं, राजाराण्यांची थडगी, डोंगराच्या पाठीवरून गेलेल्या भिंती, राखेखालून उकरून काढलेली शहरं. सगळी दुनिया जिथं लोटते त्या जागा पुस्तिकेत मात्र अशा दिसल्या पाहिजेत की अजून कुणी तिथं पाऊल टाकलेलं नाही, पहिलं पाऊल तुमचंच. थोरले मालक असताना म्हणायचे, गर्दी काय, खिडकीतून फुकट दिसते, तिच्यासाठी पैसे कोण मोजेल? म्हणून हा बसायचा आणि फोटोतली माणसं पुसायचा. पूर्वी बारीक कुंचल्यानं, आता मशीनवर. टोपीवाले, छत्रीवाले, आइसक्रीम सांडणारी पोरं, एकमेकांचे फोटो काढणारी जोडपी. माणूस काढला की भोक पडतं. मग शेजारचा दगड थोडा ओढून आणायचा, त्याची एखादी भेग उलटी फिरवायची, की कुणाच्या बापाला कळायचं नाही. नवशिके माणूस पुसतात आणि सावली विसरतात. हा सावली आधी पुसायचा. त्याच्या हातून सावली कधी राहिली नव्हती.

आणि आता रुमाल राहिला. मालकांनी पुस्तिका पुढं सरकवली, बोट ठेवलं. तो वाकून बघत राहिला. होता खरा. करड्या पायऱ्यांच्या उतरंडीत वरच्या अंगाला एक पांढुरका चौकोन, तिळाएवढा. त्याला वाटलं होतं, उन्हाचा कवडसा. उघड्या नाट्यगृहात, छप्पर नाही, झाड नाही, तिथं कवडसा कुठून येणार, एवढं साधं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. "पुस्तिका पुन्हा छापायला चाललीय, संध्याकाळपर्यंत काढून द्या," धाकटे मालक म्हणाले. रागावले नव्हते. ते कधी रागवत नसत, नुसते दमल्यासारखे बघत, आणि ते याला जास्त लागायचं. "डोळे तपासून घ्या एकदा," ते म्हणाले. तो हो म्हणाला. डोळ्यांना काही झालं नव्हतं. कंटाळा डोळ्यांच्या मागं होता, आणि तो तपासायला कुठं जायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जागेवर येऊन तो बसला, खुर्ची नेहमीसारखी कुरकुरली. शेजारच्या टेबलावरची मुलगी कुणाला तरी फोनवर उंटांचे दर सांगत होती. जगातल्या झाडून सगळ्या जुन्या जागांचा त्याला वीट आला होता, आणि गंमत अशी की त्यातली एकही त्यानं पाहिली नव्हती.

रुमाल नुसता छापलेल्या फोटोवरून पुसता आला असता. दोन मिनिटांचं काम. पण त्यानं मूळ फोटो उघडला. सवय म्हणा, की कवडसा वाटला होता तो खरोखर काय आहे हे बघायची खोड म्हणा. मूळ फोटोत माणसंच माणसं होती. पायऱ्यांवर दाणे टाकावेत तशी. तो मोठं करत करत वर सरकत गेला आणि रुमाल आला. पुरुषी रुमाल, चांगला मोठा, निळ्या काठाचा. आणि रुमालाच्या शेजारी मोहरीच्या रंगाचा स्वेटर घालून त्याची बायको बसली होती.

त्यानं हात मशीनवरून उचलला. मग पुन्हा ठेवला. तिला जाऊन दुसरा हिवाळा चालू होता. ती फोटोवाल्याकडे बघत नव्हती, कुणाकडंच बघत नव्हती. गुडघे जवळ घेऊन, हनुवटी थोडी वर करून खाली रंगमंचाच्या बाजूला बघत होती, नाटक आता सुरू होईल अशी. चेहरा एवढासा. पण मान ती, बसणं ते, डाव्या हातानं उजवं मनगट धरायची सवय ती. आणि स्वेटर तर असा की आंधळ्यानंही ओळखावा. आपण हिला पुसलं, तो मनाशी म्हणाला. पहिल्यांदा हे नुसतं वाक्य होतं, आणि मग ते खाली उतरलं. गेल्या महिन्यात, याच खुर्चीवर, बहुतेक चहा पिता पिता, त्यानं आधी तिची सावली पुसली होती, मग तिला. एक पिवळा डाग म्हणून. रुमालाला त्यानं निदान कवडसा तरी समजलं होतं.

स्वेटरवरून त्यांचं वाजलं होतं. वाजलं म्हणजे काय, ती बॅग भरत होती आणि तो दारात उभा राहून बोलत होता. "हा नको नेऊ. फोटोत डोळ्यात खुपतो. कंपनीचा फोटोवाला आहे बरोबर, उगाच मला पुसत बसायला लागेल." ती स्वेटरची घडी घालत म्हणाली होती, "पुसा की. तेवढ्यासाठी तरी मला निरखून बघाल." तो हसला होता. चांगलं उत्तर दिलंस, असं म्हणालाही असेल. तिची उत्तरं चांगलीच असायची, ती त्यानं ऐकायची आणि सोडून द्यायची, अशी त्यांच्या संसाराची रीत पडून गेली होती. कंपनी दर वर्षी नोकरांना सवलतीत दोन जागा द्यायची, नवराबायकोसाठी. दर वर्षी ती विचारायची आणि दर वर्षी तो म्हणायचा, काय आहे तिथं? दगड. दुरून डोंगर साजरे. "जवळ गेल्याशिवाय ते कसं कळायचं?" ती म्हणायची. "मला कळतं ना, मी रोज बघतो," तो म्हणायचा. आणि ते खोटं नव्हतं, निदान तेव्हा त्याला तसं वाटत नव्हतं. दिवसभर जगाचे खांब आणि कमानी डोळ्यांखालून घातलेला माणूस घरी येऊन पुन्हा त्याच कमानींखाली जायला पैसे भरून रांग लावेल का? हलवायाला कुणी पेढे देतं का? असं तो म्हणायचा. शेवटी त्या वर्षी ती म्हणाली, तुमच्या जागेवर वन्संना घेऊन जाते. वन्सं म्हणजे त्याची धाकटी बहीण, लगेच तयार. तो म्हणाला, जा, मजा करा. दोघी गेल्या. आणि त्याला, आता आठवलं तर लाज वाटते, पण घरात आठ-दहा दिवस कुणी काही विचारणार नाही म्हणून बरं वाटलं होतं.

आली ती बोलायलाच लागली. जेवताना, कपडे वाळत घालताना, दिवा मालवल्यावर. तिकडची हवा कशी, पायऱ्या केवढ्या उंच, खाली रंगमंचावर नाणं टाकलं तर वर शेवटच्या पायरीवर कसं ऐकू येतं. "ठाऊक आहे," तो म्हणायचा. "पायऱ्या झिजून मधे खोलगट झाल्यात बघा," ती म्हणायची. "पाहिलंय," तो म्हणायचा. "त्या नाट्यगृहाची फरशी न फरशी मला पाठ आहे, तू मला काय सांगतेस." तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचं बोलणं आटलं. रागानं नव्हे, नळाचं पाणी जातं तसं. एकदाच ती म्हणाली, "एक गंमत सांगायची राहिली." तो म्हणाला, "उद्या." आणखी एक आठवलं, आणि ते आठवायला नको होतं. सहा रुमालांचा संच होता, निळ्या काठाचा, त्यातला एक कमी निघाला म्हणून तो तिला बोलला होता. "घरातला एक रुमाल सांभाळता येत नाही आणि निघाली जग बघायला." ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "हरवला नाही. ठेवलाय." कुठं, हे त्यानं विचारलं नाही. मग दुखणं निघालं, मग दवाखान्यांच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि मग रुमाल काय, सगळंच राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले तेव्हा त्यानं जिन्यात जाऊन बहिणीला फोन लावला. जिन्यात रंगाचे रिकामे डबे ठेवलेले होते, त्यातल्या एकावर तो टेकला. "दादा! आज सूर्य कुठं उगवला?" ती म्हणाली. तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली. त्यानं आडवळण न घेता विचारलं, नाट्यगृहात वहिनी एकटी का बसली होती, तब्येत बरी नव्हती का तेव्हाच. प्रश्न विचारून झाल्यावर त्याला कळलं की आपल्याला याचीच धास्ती होती. ती तिथं दुखणं लपवून बसली असेल, याची.

"छे रे, ठणठणीत होती. माझ्या पुढं पळत चढली," बहीण म्हणाली. "एकटी कुठं, मी होते की. दोन पायऱ्या खाली. मला बसू देईना शेजारी."

"का?"

"का म्हणजे? तुला सांगितलं नाही तिनं?" बहीण म्हणाली. मग हसली, आणि हसता हसता तिचा आवाज जरा ओला झाला. "अरे, रुमाल टाकून जागा धरली होती तिनं. बसमधे धरतात तशी. तुझाच रुमाल, पर्समधून काढला, झटकला, पसरला. मी टेकायला गेले तर म्हणते, वन्सं, तिथं नाही, हे यायचेत."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सगळी मंडळी हसून हसून बेजार. आमचा तो गाइड म्हणाला, ताई, नाटक संपून दोन हजार वर्षं झाली, आता कोण येणार? तर तुझी बायको काय म्हणाली असेल? म्हणाली, तुम्हाला आमचे हे माहीत नाहीत. ते उशिरा येतात. पण जागा धरून ठेवावी लागते." कुकर पुन्हा वाजला. "एक काकू दमून बसायला आल्या, त्यांनाही उठवलं रे हिनं. मलाच कसंतरी झालं."

"मग रुमाल?"

"तो तिथंच. खाली उतरताना मी म्हटलं, वहिनी, रुमाल राहिला. तर म्हणाली, राहू दे, उचलला की जागा जाते." तिनं गॅस बंद केला. "दादा, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसा आहेस तू. मला वाटलं, तिनं आल्या आल्या तुला सांगितलं असेल."

"सांगणार होती," तो म्हणाला.

फोन ठेवून तो डब्यावर बसून राहिला. खालच्या मजल्यावर कुणीतरी सामान ओढत नेत होतं, त्याचा फरफर आवाज वर येत होता. बसमधे जागा धरायची युक्ती तिची नव्हती, त्याचीच. लग्न नवं होतं तेव्हा कचेरी शहराच्या या टोकाला आणि घर त्या टोकाला. सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याबरोबर निघाली की थांब्यावर गर्दी बघून तिचा जीव घाबरा व्हायचा. बस पुरती थांबायच्या आत तो पळायचा, खिडकीतून हात घालून रुमाल आत फेकायचा आणि मग छाती काढून सावकाश दाराशी यायचा, अंगावर येणाऱ्या माणसांना न जुमानता. आत रुमाल असायचाच. कुणी हलवायचं नाही. ती खाली मान घालून खिडकीशी बसायची. लाजायची, कारण लोक बघायचे. एकदा एक धिप्पाड माणूस रुमालावर बसला होता आणि हा, छातीचा पिंजरा झालेला पोरगा, त्याला म्हणाला होता, "उठा. माझी माणसं आहेत." त्या बहुवचनावरून ती त्याला कितीतरी दिवस चिडवत होती, किती आणली होती हो माणसं? पुढं घर जवळ आलं. बसनं जाणं सुटलं. आणि नुसतं खिशात ठेवायला तो रुमाल वापरू लागला. हे सगळं त्याच्याकडून कधी सुटलं त्याला सांगता आलं नसतं. भांडण नाही, तंटा नाही. आणि ती मात्र ते सांभाळून, घडी करून, जगाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली.

दुपार उतरायला लागली तसा तो जागेवर आला. काम तर करायला हवं होतं. त्यानं छपाईचा फोटो उघडला, साफ केलेला, आणि रुमालावर गेला. आजूबाजूला पायऱ्या होत्या. रुमालाच्या उजव्या बाजूची पायरी, जिथं ती बसली होती, स्वच्छ, भेग पडलेली, जुनी, उन्हं खाल्लेली. त्यानं तिथला दगड उचलून रुमालावर ओढायला घेतला आणि हात थांबला. ही भेग त्याच्या ओळखीची होती. खालच्या रांगेत, डावीकडं, हीच भेग होती, उलटी. त्यानंच फिरवून इथं लावली होती. म्हणजे ती बसली होती तो दगड हा नव्हेच. तो शेजारून आणलेला. आणि शेजारी काय होतं? शेजारी छत्रीवाला बसला होता, त्याच्या जागचा दगडही शेजारचा. तो खाली सरकत गेला. इथं पोरं होती, इथं एक जोडपं, इथं झोपलेला म्हातारा. दोन्ही फोटो तो आलटून पालटून बघत राहिला. फरशी न फरशी पाठ आहे म्हणे! पाठ असणारच, त्याचीच तर होती. जिथं जिथं माणूस बसला होता तिथलं जग त्यानं घरच्या घरी जुळवलेलं होतं. इतकी वर्षं तो खांब आणि कमानी बघत नव्हता, स्वतःचंच शिवणकाम बघत होता आणि त्याचा वीट आला म्हणून जगाला नावं ठेवत होता. आणि ती तिथं जाऊन, झिजलेल्या खऱ्या पायरीवर बसून, हाताखाली तो खोलगटपणा लागलेला सांगत होती, तर तिला म्हणत होता, पाहिलंय.

त्याला रडू आलं नाही. तसं यायचं वय आणि जागा नव्हती. पलीकडं ती मुलगी अजून उंटांपाशीच होती. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रुमाल तिथंच होता. त्याच्याखाली काय होतं, ते फोटोवाल्याला माहीत नव्हतं, मालकांना नव्हतं, या मशीनला तर नव्हतंच. आजवर तो असं काही विचारतच नव्हता. ती आता असती तर म्हणाली असती, उचलून बघा की. एवढंच. तो मोठ्यानं "हो" म्हणाला, आणि मुलीनं फोनवर हात ठेवून त्याच्याकडं बघितलं.

धाकटे मालक पिशवी खांद्याला लावूनच बाहेर आले. "झालं का? छापखाना बसून राहिलाय."

"नाही झालं."

ते त्याच्या खांद्यावरून वाकले. "अहो, हा काय अजून इथंच! रुमाल तर आहे नुसता."

"खाली काय आहे ते माहीत नाही."

"खाली?" मालकांना कळेना. "खाली दगड असणार. आणखी काय असणार? बाजूचा ओढा की. आजवर काय करत होता?"

"तेच करत होतो," तो म्हणाला. आपला आवाज भांडखोर येत नाही, नुसता थकलेला येतोय, हे त्याला ऐकू आलं. "बाजूचा तो बाजूचा. हा कसा आहे ते जाऊन बघायला लागेल."

मालक हसले. मग त्याच्याकडं बघून हसायचे थांबले. पडद्यावर त्यानं आता मूळ फोटो आणला होता, मोठा केलेला, आणि त्यात मोहरीच्या रंगाचा स्वेटर होता. मालकांनी तो स्वेटर कचेरीत पाहिलेला होता. याचा डबा घरी राहिला की ती घेऊन यायची. ते सरळ उभे राहिले आणि पिशवी त्यांनी उगाच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"आमच्या सवलतीच्या जागा पडून आहेत," तो म्हणाला. "त्यातली एक द्या. पुढच्या सहलीला."

"द्यायला काय झालं. दोन आहेत तुमच्या," मालक म्हणाले, आणि जीभ चावली.

"एकच द्या. एक पुरे." पायऱ्या चढवतील का, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. दम लागेल. मधे मधे टेकायला लागेल. आणि तिथं आता रुमाल कुठला असायला, वाऱ्यानं नेला असेल, झाडणाऱ्यानं उचलला असेल. पण वरच्या अंगाला, कुठल्या पायरीवर, ते त्याला सापडलं असतं. तेवढं तरी बघायला हे डोळे पुरले असते.

मालक जायला वळले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "आणि त्या बाईंना काय सांगू? त्या उद्या पुन्हा फोन करणार. कुणाचा रुमाल म्हणून डोकं खातील माझं."

"माझा आहे म्हणावं," तो म्हणाला. "जागा धरलेली आहे."